सलाम, पिशवी आणि दंड

२०१४ च्या मे महिन्यात आम्ही नवरा-बायको लेकीकडे इटलीला गेलो. दोघांचीही शिक्षकाची नोकरी संपलेली, विमानात पहिल्यांदाच बसलेलो. जावई फ्लॉरेन्समध्ये नोकरीला. सुटीच्या दिवशी त्यांनी आम्हांला पोंते वेक्यो हा जुना पूल दाखवायला नेलं. त्या पुलावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. १५९३ साली तिथल्या सत्ताधीशाने त्यांना हटवून सोनारांना बसवलं. आजही पुलावर सोनंच विकलं जातं.

लेक आणि जावई नातवाला घेऊन पुढे गेले आणि आम्ही मागे रेंगाळलो. पुलाच्या अलीकडे एक उंच, काळा तरुण पांढऱ्या चादरीवर पिशव्या मांडून उभा होता. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या. डोक्यावरची ओढणी पाहून त्याने सलाम केला. दहा दिवसांत परक्या माणसाच्या तोंडून ऐकलेला तो पहिला सलाम. आमचे पाय थबकले. तो सेनेगलचा होता. गळ्यात शेख अहमदू बांबा या त्यांच्या पीराचं चित्र. तुबा शहरात त्यांची मजार आहे, हे त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आम्ही आमच्या कोकणातल्या उरुसाचं सांगितलं.

मग पिशव्या पाहिल्या. एकीवर गुचीचं चिन्ह होतं. ही कंपनी १९२१ साली याच शहरात सुरू झाली. तिची खरी पिशवी आमच्या पेन्शनमध्ये बसणारी नव्हती. याने पन्नास युरो सांगितले, तीसला दिली. गरीब बिरादराला चार पैसे मिळाले, या समाधानात आम्ही निघालो.

दहा पावलंही गेलो नसू, तोच शिट्टी वाजली. त्याने दोऱ्या खेचल्या, चादरीचं गाठोडं झालं आणि तो गल्लीत दिसेनासा झाला. साध्या कपड्यांतले दोन पोलीस आमच्यासमोर उभे राहिले. धावत आलेल्या जावयांनी दुभाष्याचं काम केलं. पिशवी जप्त झाली आणि हातात कागद आला. साठ दिवसांत भरल्यास दोनशे युरो. आपल्या हिशेबाने सोळा हजार रुपये!

"त्याला सोडलं आणि आम्हांला धरलं, हा कुठला न्याय?" घरी आल्यावर आम्ही विचारलं. जावयांनी कायदा शोधून वाचून दाखवला. इटलीत २००५ पासून नकली माल घेणाऱ्यालाही दंड आहे. सुरुवातीला तो दहा हजार युरोपर्यंत होता, २०१० मध्ये शंभर ते सात हजार झाला. कैद नाही, फक्त दंड. फ्रान्समध्ये तर असा माल नुसता जवळ बाळगल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, पण तो बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. स्वतःसाठी घेणारा सुटतो. म्हणून धाड पडली की फूटपाथवरचं पोर उचललं जातं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या फूटपाथवर जातं.

इटलीच्या कायद्यातलं एक वाक्य मात्र आम्हांला लागलं. मालाचा दर्जा, किंमत आणि विकणाऱ्याची अवस्था पाहून खरेदीदाराला संशय यायला हवा, असं ते आहे. विकणाऱ्याची अवस्था! गरिबाला पाहून संशय घ्यायचा? संशयाच्या नजरा आम्हीही सोसल्या आहेत. त्याच शहरात १३ डिसेंबर २०११ रोजी एका वंशद्वेष्ट्याने दोन सेनेगाली फेरीवाल्यांना गोळ्या घालून ठार केलं होतं. जावयांनी ते सांगितलं, तेव्हा आमचा राग आणखी वाढला.

रात्री झोप येईना. शेवटी आमच्यापैकी एकाने विचारलं, "पण पिशवी कुणासाठी घेतली होती?"

पुतणीच्या लग्नासाठी. मुंबईच्या बड्या सासरच्यांपुढे ती मांडायची आणि "इटलीहून आणली, असली आहे" असं सांगायचं, हे आम्ही पुलावरच ठरवलं होतं. त्या पोराने पिशवी असली आहे, असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते खोटं आम्ही बोलणार होतो, तेही पोरीच्या निकाहाच्या घरात. मापात मारणाऱ्यांबद्दलची सूरह मुतफ्फिफीन आम्ही किती वेळा वाचली असेल! ती दुकानदारांसाठी आहे, असंच समजत आलो. त्याची गरिबी आम्हांला दिसली होती, हे खरं. पण तिच्या आडून आमची हौस स्वस्तात भागत होती, हेही तितकंच खरं. त्या माणसाला मदतच करायची होती, तर वीस युरोंची घासाघीस कशाला केली?

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन दंड भरला. लेक पैसे देत होती, आम्ही घेतले नाहीत. परत निघेपर्यंत दोनदा त्या पुलाकडे गेलो. तो काही दिसला नाही.

लग्नाला आम्ही धारावीतल्या एका कारागिराकडून चामड्याची पिशवी घेतली. शिवण पक्की, नाव कुणाचंच नाही. पुतणीच्या सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुठली?"

"धारावीची," पुतणी म्हणाली. आमची मान खाली गेली नाही.