अलेफपासून आरंभ

वडिलांच्या दफनाच्या दिवशीं आम्हां बेने इस्राएलांच्या कब्रस्तानांत दहा पुरुष जमले होते. दहा जणांवांचून 'कदीश', म्हणजे मृताच्या नांवें पुत्रानें करावयाची ईशस्तुति, म्हणतां येत नाहीं. दहा होते, पुत्रही होता. परंतु पुस्तकांतील एकही अक्षर त्या पुत्रास वाचतां येत नव्हतें. हजानसाहेबांनीं एकेक शब्द सांगावा व आम्हीं तो मागाहून म्हणावा, असें करून कसेंबसें कार्य उरकलें. मालिद्याच्या गोड पोह्यांपलीकडे ज्यानें आपला धर्म कधीं ओळखला नाहीं, त्याची याहून निराळी गति काय व्हावी?

तीस दिवस उलटतांच आम्ही हजानसाहेबांकडे अक्षरें शिकावयास गेलों. वय चाळिशीचें, आणि शेजारचा विद्यार्थी आठ वर्षांचा! हिब्रूचीं अक्षरें बावीस. तीं उजवीकडून डावीकडे वाचावयाचीं. आपल्या काना-मात्रांचें काम तेथें बहुधा अक्षराखालचे ठिपके व रेघा करितात. 'दालेत' आणि 'रेश' यांत कोपऱ्याएवढाच भेद. तेथें आम्ही नेमके चुकत असूं, आणि तो बालक हळूच कोंपर मारून आम्हांस सावध करी. पुढें कळलें कीं, कदीशची भाषा बहुतांशीं अरामी आहे. लिपि मात्र हीच. श्रम वाया गेले नाहींत!

एकदां आम्हीं आपली लाज बोलून दाखविली, तेव्हां हजानसाहेब हंसले. कोंकणांत तेल गाळणारे आमचे पूर्वज शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनीं जपली होती. पुस्तक जवळ नव्हतें. मुंबईंतील पहिलें सिनेगॉग १७९६ सालीं उभें राहिलें. १८३२ सालीं जॉन विल्सन या मिशनऱ्यानें हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. त्यांचा हेतु निराळा होता, हें खरें. परंतु आमच्या लोकांनीं अक्षरें तेवढीं घेतलीं, आणि १८४६ सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा 'हगादा' मराठी भाषांतरासह मुंबईस निघाला.

"सारी जमातच एकदां अलेफपासून शिकली आहे," ते म्हणाले, "तुम्ही कशास लाजतां?"

वडिलांच्या पहिल्या स्मरणदिनीं पुन्हां दहा पुरुष जमले. या वेळीं पुस्तक आमच्या हातीं होतें. आरंभींच एका शब्दापाशीं जीभ अडली. हजानसाहेबांनीं शब्द सांगितला नाहीं. ते नुसते थांबून राहिले. आम्हीं अक्षर पुन्हां निरखून पाहिलें. तें रेश होतें.