नवं शहर, नवा घोडा

मुंबईहून पुण्याला बिऱ्हाड हलवणाऱ्या घोडेस्वाराने घराआधी तबेला शोधावा, असं मला मनापासून वाटतं. शर्यतीचे घोडेही हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला धावतात. पण त्यांच्यासोबत ओळखीचा मोतद्दार असतो. हौशी स्वार बहुधा एकटाच येतो. कुणी म्हणेल, खोगीर, रिकीब, लगाम सगळीकडे सारखेच. खरं आहे, पण अंगावर बसलेली माशीही ज्याच्या कातडीला कळते, त्या घोड्याला अनोळखी मांडीचा ताठरपणा कळणारच. त्याचा एक कान मागे, स्वाराकडे वळलेला असतो. तो आपल्याला जोखत असतो. तो कान कधी निवांत होईल, कोण सांगणार? म्हणून पहिल्या दिवशी रपेट मागू नका. खरारा हातात घ्या आणि मानेपासून सुरुवात करा.