आवाज कुणाचा?

बेळगावला गेलं की आपण काय करतो? कॅम्पात चक्कर, किलोभर कुंदा आणि हायवे पकडून परत! पुढच्या वेळी एक दिवस जास्त काढा. तिथून दोन-अडीच तासांवर सौंदत्ती आहे.

कोल्हापूरकरांना यात नवीन काही नाही म्हणा. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला तिकडून गाड्याच्या गाड्या भरून जातात. बाकीच्यांसाठी सांगते : हे यल्लम्माचं, म्हणजेच रेणुकेचं ठाणं. गावाबाहेर डोंगर, जवळच मलप्रभेवरच्या धरणाचं पाणी आणि देवळाशी हवेत भंडाराच भंडारा. पांढरा कुर्ता घालून जायची चूक मी केली, तुम्ही करू नका. यात्राही टाळा. साधा मंगळवार किंवा शुक्रवार गाठा.

मी मात्र गेले होते ते गाणं ऐकायला. मुलगा म्हणून जन्मलेले, पण देवीला वाहिलेले आणि आयुष्यभर लुगडं नेसणारे जोगते इथे येतात. कानडीत त्यांना जोगप्पा म्हणतात. आपली त्यांची ओळख बहुतेक 'जोगवा'पुरती. त्याच सिनेमासाठी उपेंद्र लिमयेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यामागची राजन गवसांची 'भंडारभोग' वाचलेले त्याहून कमी.

एका ओट्यावर साठीच्या अक्का चौंडकं घेऊन बसल्या होत्या. लाकडी नळकांडं, एका तोंडाला चामडं आणि त्यातून ओवलेली तार. ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू बघून मी नकळत बाईच्या आवाजाची वाट बघत होते. आला तो खर्जातला, रापलेला आवाज. मग मध्येच तो असा काही वर गेला, की कुणाचा म्हणायचा हेच कळेना. दोन मिनिटांनी मी ते ठरवणं सोडून दिलं.

अक्का पदं स्वतः जुळवतात. देवीच्या जुन्या कथेत आपलं काहीबाही घालतात. घरातून हाकललं ते, एसटीत शेजारची सीट रिकामीच राहते ते. बाया ऐकता ऐकता डोळे पुसतात आणि परडीत सुटे पैसे टाकतात. हे सगळं फार रोमँटिक मात्र समजू नका. याच देवीला मुली सोडल्या जायच्या. कर्नाटकाने १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. जोगत्यांच्या वाट्यालाही मान कमी आणि मागून खाणं जास्त. मंजम्मा जोगतींसारखी पद्मश्री (२०२१) एखादीलाच. ती घेताना त्यांनी राष्ट्रपतींचीच पदराने दृष्ट काढली होती, आठवतं?

अक्कांशेजारी त्यांची चेला बसली होती (हो, चेलाच म्हणतात). विशीतली, जीन्सवर कुर्ता, पुण्यात नोकरी. हार्मोन्स घेते. त्वचा बदलली, चेहरा बदलला, आवाज तेवढा राहिला. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू एकदा जाड झाले की नंतरच्या इस्ट्रोजेनने ते पुन्हा बारीक होत नाहीत. उलट्या दिशेने जाणाऱ्यांचा, म्हणजे ट्रान्स पुरुषांचा आवाज औषधाने काही महिन्यांत उतरू लागतो. त्यांना गाणं पुन्हा नव्याने बसवावं लागतं. हिला सराव, व्हॉइस थेरपी, फार तर ऑपरेशन.

"फोनवर सगळे 'सर' म्हणतात," ती म्हणाली. इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागलं. शाळेत गायची. आवाज फुटला आणि गाणं सुटलं. आता सुट्टी मिळाली की इथे येते.

"थेरपी करणार?" मी विचारलं.

"बोलण्यासाठी करीन. गाण्याचं अजून ठरत नाही."

अक्कांनी पानाची पिंक टाकली. "बाईचा का बाप्याचा, हितं कोन इचारतंय गं? सुरात हाय का न्हाई, तेवढं बघत्यात."

"अक्का, तुम्ही कधी फोनवर नोकरी केली नाहीत," चेला म्हणाली. दोघी खूप हसल्या.

ऊन उतरल्यावर तिने एक पद धरलं. अक्कांच्या पट्टीत. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला, ती थांबली आणि तोंडावर ओढणी घेतली. अक्का काही बोलल्या नाहीत. तार जराशी सैल केली, दोनदा छेडून बघितली आणि म्हणाल्या, "हां. आता घे."

तिने घेतलं. कोल्हापूरची एक बाई परडी खाली ठेवून ऐकायला बसली. माझी बेळगावची बस तेवढ्यात चुकली.