नाव सोनूबाई...

कारंजा तालुक्यातले धनज हे माझे गाव. नावात 'धन' आहे. घरोघरी मात्र सोयाबीन-कपाशीच्या भावाची चिंता. नावावर जाऊ नये, हे आम्हां धनजकरांना कुणी शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते शिकावे लागले.

इंटरनेटवरच्या संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे दारावरची पाटीच. तिच्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडता येत नाही. सारे शब्द एस.टी.तल्या प्रवाशांसारखे दाटीवाटीने बसलेले. शोधयंत्राला ते सुटे करून वाचावे लागतात. त्यात रोमन लिपीत 'ध' आणि 'ढ' सारखेच! नुसते 'कारंजा' लिहिले, तर ते आमचे कारंजा लाड, की वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे? पाटीवरून उलगडा होत नाही, म्हणून यंत्र घरात डोकावते. आत नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाचा उल्लेख दिसला, की स्वारी बरोबर आमच्या कारंज्याला उतरते.

एके काळी नुसत्या पाटीचाही मोठा रुबाब होता. लोक जे शब्द शोधतात तेच जोडून पत्ता घ्यायचा, आत चार पोकळ ओळी टाकायच्या, की पहिल्या पंगतीत पान! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने अशा सोनूबाईंना मागे सारले. आज पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असे गूगलच सांगते.

यंत्र शहाणे झाले, मित्रहो. आपण?

गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीच्या मोबाईलवर कुणीतरी एक पत्ता धाडला. त्यात 'महाराष्ट्र' होते, 'शिष्यवृत्ती'ही होती. अर्जासाठी पाचशे रुपये मागितले होते. तिच्या वडिलांची दोन दिवसांची मजुरी. "नावातच तं महाराष्ट्र हाये!" ती म्हणाली. आम्ही पत्त्याचे शेपूट पाहिले. 'जीओव्ही डॉट इन' हे शेपूट फक्त सरकारी संस्थांनाच मिळते. त्याआधीचे शब्द पैसे मोजून कुणीही दुसऱ्या शेपटाला जोडू शकतो. येथे शेपूट भलतेच होते. पैसे वाचले, आणि अर्ज शासनाच्या महाडीबीटीवर गेला.

२७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतही 'डॉट भारत' असे पत्ते मिळू लागले. उद्या कुणी आमच्या गावाचे नाव घेऊन अशी पाटी लावीलही. पण गावाची शाळा, विहिरी, शेते, माणसे यांविषयी आत कुणी लिहिलेच नाही, तर शोधणाऱ्याला धनज सापडणार कसे? ते लिहिण्याचे काम यंत्राचे नाही. ते तुमचे-माझे आहे.