घटसर्प : नाव एक, रोग दोन

मुळशी तालुक्यातील भरे गावी ‘घटसर्प’ म्हटले की दृष्टी प्रथम गोठ्याकडे वळते; कारण पावसाळ्यापूर्वी गाईम्हशींस ज्या रोगाची लस टोचतात, त्याचेही नाव हेच. आम्ही वर्गात विचारले, तेव्हा “तो म्हशींचा रोग” असेच उत्तर आले. ते खोटे नव्हे, परंतु अपुरे आहे. घसा दोहोंतही सुजतो. पण जंतू निराळे, आणि एकाची लस दुसऱ्यास निरुपयोगी.

मुलांच्या घटसर्पास डॉक्टर डिप्थीरिया म्हणतात. खोकल्याच्या तुषारांतून जंतू घशात शिरतो व बहुधा तेथेच ठाण मांडतो. रक्तातून हिंडते ते त्याचे विष. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही प्राणी मरतात, हे रू व येर्सिन यांनी १८८८ साली पॅरिस येथे दाखविले. ह्या विषाने पेशींतील प्रथिने घडण्याचे काम थांबते. घशात करडा, चिवट पडदा धरतो. तो खरवडू गेल्यास रक्त येते. पुढे मान फुगते, श्वास कोंडतो. त्यातून वाचलेले मूलही काही दिवसांनी हृदय दुर्बल होऊन दगावू शकते. ताप मात्र बेताचाच असतो, आणि घरच्यांची फसगत होते ती येथेच.

१८९० साली बेरिंग व कितासातो यांनी ह्या विषावरील उताऱ्याचा मार्ग दाखविला. हे प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तापासून काढतात. (पुण्यात १९६६ साली निघालेल्या सीरम इन्स्टिट्यूटचे मूळही घोड्यांच्या पागेतच आहे!) परंतु प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषासच निकामी करते, पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून तपासणीच्या निकालाची वाट न पाहता, नुसता संशय येताच ते देतात. पेनिसिलीन जंतूंस मारते, विषास नव्हे.

१९२३ साली रामों यांनी विषाचा विषारीपणा घालवून त्याची लस केली. ती तान्हेपणी तीनदा, पुढे दीड व पाच वर्षांच्या सुमारास, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टोचतात. शेवटच्या दोन आमच्या विद्यार्थ्यांच्या वयातल्या. आणि नेमक्या त्याच विसरतात. जनावरांच्या लसीचा दिवस पालकांस तोंडपाठ असतो, मुलाचे कार्ड मात्र ट्रंकेच्या तळाशी! ते कृपा करून वर्गशिक्षकांस दाखवावे. मधली टोचणी चुकली असली तरी आरंभापासून सर्व घ्याव्या लागत नाहीत. राहिलेल्यापासून पुढे चालते.