अंतर आणि खोली

कात्रजच्या सर्पोद्यानाशेजारी राहतो, त्यामुळे साप मनातून जात नाहीत. सह्याद्रीच्या मातीत बिळं करून राहणारा खापरखवल्या उन्हात आला की त्याच्या काळपट खवल्यांवर सप्तरंग चमकतात. हे रंगद्रव्य नव्हे; खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांवरून प्रकाशाचं विवर्तन होतं. या कंगोऱ्यांमुळे अंगाला चिखल चिकटत नाही, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गान्स यांनी एका सहकाऱ्यासह १९७७ मध्ये मांडलं. सापाला स्वच्छ अंग हवं असतं. रंग त्यासोबत आलेला.

मी प्रयोगशाळेत ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या बारीक समांतर चरांचे पृष्ठभाग, बनवतो; मला मात्र प्रकाश ठरवलेल्या जागीच वळायला हवा असतो. काचेवर प्रकाशसंवेदी लेप द्यायचा आणि लेझरचे दोन झोत त्यावर एकमेकांना छेदू द्यायचे. उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, लेप धुतला की त्यांचे चर उरतात. मग निर्वातात सोन्याचा थर. सोनं नीट धरत नाही, सोलपटतं. म्हणून आधी दोन-तीन नॅनोमीटर क्रोमियम.

नवी मुलं सर्वांत आधी चरांमधलं अंतर विचारतात. अंतराने दिशा ठरते, हे खरं. सीडीच्या रेषांत १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, डीव्हीडीच्या ०.७४. त्यामुळे ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर सरळ टाकला, तर सीडी त्याचा पहिला क्रम, म्हणजे सरळ परावर्तनाशेजारचा पहिला झोत, २४ अंशांवर धाडते, डीव्हीडी ६१ वर. पण कुठे किती प्रकाश जाणार, ते चरांच्या खोलीच्या हातात. चर आणि उंचवटे सारख्या रुंदीचे असले आणि खोली तरंगलांबीच्या पाव असली, की तळाची लाट माथ्याच्या लाटेला खोडते. सरळ परावर्तन जवळपास विझतं, प्रकाश बाजूंना जातो. ६०० नॅनोमीटरसाठी ही खोली १५०.

अंतर तरंगलांबीजवळ आलं की हे सोपं गणित पुरत नाही. १९०२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांना धातूच्या ग्रेटिंगच्या वर्णपटात उजेड अचानक काळोखात कोसळलेला दिसला, तोही प्रकाशाचं विद्युतक्षेत्र चरांना आडवं असतानाच. १९४१ मध्ये उगो फानो यांनी त्याचा संबंध धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावणाऱ्या लाटांशी जोडला. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश इलेक्ट्रॉनांना हलवत पृष्ठभागावरूनच पळतो. खोली थोडी चुकली तरी ती काळी रेघ सरकते, फिकी पडते.

म्हणून चमक पाहून नमुना पास करू नये, हा माझा आग्रह. बिघडलेलं ग्रेटिंगही डोळ्यांना सुंदरच दिसतं. आधी अणुबल सूक्ष्मदर्शीची सुई फिरवून चरांची खोली मोजावी, मग लेझर टाकावा.