बर्डीचा वांटा

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरास लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पेन्शन किती, हा पहिला. आणि वेळ कसा जातो, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आम्ही हसून टाळतों. दुसऱ्याचें मात्र खरें सांगतों, कीं आमचा वेळ दगड रचण्यांत जातो. ऐकणारास ती थट्टा वाटते. परंतु गेलीं कित्येक वर्षें हा आमचा नित्यनेम झाला आहे, आणि त्यामागें आमच्या घरांतील एक जुनें दुखणें आहे. तें आज वाचकांपुढें मांडावें असें मनांत आलें. कारण असें दुखणें बहुतेक एकत्र कुटुंबांत कोठें ना कोठें दबलेलें असतेंच.

आमचें मूळ घर गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांव तालुक्यांत. १९९९ सालीं भंडाऱ्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा वेगळा झाला; आमच्या घरांतील वांटणी त्याच्या तीन वर्षें आधींच झाली होती. तीर्थरूप वारल्यावर आम्हां दोघां भावांत जमीन वांटावयाची होती. बोडीखालची सहा एकर धानाची बांधी आणि तिच्या वरच्या अंगास टेंकडीच्या उतारावरची चार एकर बर्डी. दादा गांवीं राहिलेले, आईबापांची सेवा त्यांनीं व वहिनींनीं केलेली. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांतून गांवोगांव फिरणारे. आई एवढेंच म्हणाली, "धाकट्याला पगार आहे." त्या एका वाक्यानें निकाल झाला. बांधी दादांकडे गेली, बर्डी आमच्याकडे आली. आम्हीं तोंडानें होकार दिला. मनानें तो द्यावयास पुढें वीसएक वर्षें लागलीं.

आमच्याकडे जमिनीला नुसती काळी किंवा तांबडी म्हणून भागत नाहीं. कन्हार म्हणजे खोल काळी चिकण. मोरंड म्हणजे काळसर, पण चुनखडीचे खडे किंवा वाळू मिसळलेली. सिहार म्हणजे पिवळसर रेताड, धानाला मानवणारी. आणि बर्डी म्हणजे उंचवट्यावरची खडकाळ मुरमाड. अमरसिंहानेंही भूमीचे असेच भेद केले आहेत. सर्व पिकें देणारी ती उर्वरा, खारी ती ऊषर, हिरवळीची ती शाद्वल, आणि खड्यांनीं भरलेली ती शार्कर. शर्करा या शब्दाचा एक अर्थ खडा. खडीसाखरेला तो खड्याच्या रूपावरून मिळाला असावा. वांटणीनंतर आम्ही घरांत विनोद करीत असूं, कीं दादांना धान मिळालें आणि आम्हांला साखर. विनोदाखालीं कडूपणा होता, हें आमच्या कुटुंबास तेव्हांच कळलें होतें.

आमच्या उताराचा माथा निव्वळ खडक. मधल्या अंगास वीतभर तपकिरी माती आणि तिच्याखालीं मुरूम. खालच्या अंगास मोरंडासारखी माती, आणि तींत बोरापासून लिंबाएवढे पांढुरके खडे. हे चुनखडे. त्यांवर लिंबाचा रस पिळला कीं तो फसफसतो. आमच्या वर्गांतील मुलांना हा प्रयोग फार आवडे. पूर्वीं ठिकठिकाणीं असलेच खडे भाजून घराचा चुना करीत.

हा चुना मातींत येतो कसा, हें समजण्यासारखें आहे. पावसाचें पाणी हवेंतला व मुळांच्या श्वासांतला कर्बाम्लवायु आपल्यांत घेतें आणि किंचित् आंबट होतें. तें पाणी खडकांतील चुन्याचा अंश विरघळवून खालीं नेतें. पुढें उन्हाळ्यांत पाणी उडून जातें, चुना मागें राहतो, आणि वर्षानुवर्षें कणावर कण बसून त्याचा खडा होतो. जेथें पाऊस फार, तेथें चुना धुवून खोल जातो किंवा नदीनाल्यांत वाहून जातो. जेथें पाऊस थोडा, तेथें तो वरच राहतो. आमच्या जिल्ह्यांत वर्षास सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस. म्हणून येथें चुनखडीची जमीन तुकड्यातुकड्यानेंच आढळते, आणि आमच्या वांट्यास नेमका असाच तुकडा आला. सोलापुराकडे पाऊस याच्या निम्म्याहून कमी. म्हणून तिकडचे माळ कोसच्या कोस चुनखडीचे.

वांट्यास आलेल्या जमिनीचें सोनें करून दादांना दाखवावयाचें, असें आम्हीं ठरविलें. हेतु चांगला नव्हता, म्हणून कृतीही चांगली झाली नाहीं. नागपूरकडील एका आप्तांची संत्र्याची बाग पाहून आम्हींही उताराच्या खालच्या अंगास शंभर कलमें लाविलीं. त्यापूर्वीं मजूर लावून सारे दगड वेंचून बांधावर टाकविले. उतार कसा नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा दिसूं लागला. आम्ही त्याकडे पाहून प्रसन्न झालों.

आषाढांतील पहिल्या मोठ्या पावसानें ती प्रसन्नता धुवून नेली. एका रात्रींत उतारावर हातभर खोल घळी पडल्या आणि चाळणीनें चाळावी तशी बारीक माती खालीं गेली. जीं कलमें वांचलीं त्यांचीं पानें दुसऱ्या वर्षीं पिवळीं पडलीं. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. आम्हीं शेणखत घातलें, पाणी वाढविलें. पिवळेपणा वाढतच गेला. चार वर्षांत बाग संपली. भविष्यनिर्वाह निधींतून काढलेली रक्कम तींत गेली. दादा एकदां बांधावरून पाहून गेले, बोलले मात्र कांहीं नाहीं. त्यांच्या न बोलण्याचाही आम्हांला राग आला.

कारण पुढें कळलें. माती तपासून घेतली तेव्हां तिचा सामू ८.३ निघाला. सात म्हणजे सम. त्यावर जाईल तितकी माती विम्ल. अशा मातींत लोह असतें, परंतु चुन्याच्या सहवासांत तें विरघळत नाहीं, आणि न विरघळलेलें मुळांना घेतां येत नाहीं. स्फुरद व जस्त यांचीही तीच गत. कोठार भरलेलें, पण किल्ली सासूच्या कनवटीस, आणि सुना उपाशी, असा हा प्रकार. संत्र्याचें झाड या बाबतींत विशेष नाजूक. २०१५ सालीं सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली. तसली एक पत्रिका आमच्या हातीं पंधरा वर्षें आधीं असती तर शंभर कलमें व एक अबोला वांचला असता.

दगडांचा धडा मात्र पत्रिकेंतून मिळाला नाहीं. आमची धाकटी कन्या सोलापुरास दिली आहे. एका पौषांत तिच्याकडे गेलों असतां जांवयांनीं नान्नजचा माळ दाखविला. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं तेथें अभयारण्य झालें. आज तो पक्षी महाराष्ट्रांत जवळजवळ दिसेनासा झाला आहे, पण गवताळ माळ आहे. कुसळी, पवन्या, मारवेल. गुडघ्याएवढें सोनेरी गवत वाऱ्यावर डोलत होतें. खालीं पाहिलें तों आमचीच बर्डी! तेंच वीतभर मातीचें अंग, तोच मुरूम, तेच पांढुरके खडे. आम्हीं आश्चर्यानें विचारलें, कीं एवढ्या दगडांत हें गवत जगतें कसें? जवळच मेंढ्या राखणारे एक वृद्ध उभे होते. त्यांनीं उत्तर न देतां पायाजवळचा एक थोराड दगड उलटा केला. दुपारचे बारा वाजलेले, कित्येक आठवड्यांत पावसाचा थेंब नाहीं. आणि दगडाखालची माती ओलसर होती.

आम्ही पस्तीस वर्षें मुलांना शिकविलें, पण इतका थोडक्यांत धडा आम्हांला कधीं देतां आला नाहीं. दगड हें त्या मातीचें पांघरूण आहे. उन्हाला तो अडवितो, म्हणून ओल उडत नाहीं. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला कीं तिचे कण फुटतात, बारीक कणांनीं छिद्रें बुजतात, आणि पाणी मुरण्याऐवजीं वाहूं लागतें. दगडावर तो थेंब आदळला तर त्याचा जोर तेथेंच मोडतो. गवताचीं मुळें मुरमाच्या फटींत उतरतात. उन्हाळ्यांत वरचें पान वाळतें, तरी बुडखा जिवंत राहतो. चुनाही तेथें नुसता वैरी नसतो; तो मातीच्या कणांना एकत्र धरून ती भुसभुशीत ठेवतो, आणि गोगलगाईच्या शंखालाही तोच लागतो. आम्हीं मजुरी देऊन जें वेंचून टाकलें होतें, तें त्या जमिनीचें वस्त्र होतें.

परत आल्यावर बांधावरचे दगड आम्हीं पुन्हां उतारावर न्यावयास आरंभ केला. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन समपातळी आंखावयाची आणि तिच्यावर दगडांची ओळ रचावयाची. प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगास पावसाळ्यांत माती अडूं लागली. तीन वर्षें गुरें आंत सोडलीं नाहींत. मोहफुलें वेंचतां यावींत म्हणून झाडांखालचा पाला पेटविण्याची चाल आमच्याकडे आहे. ती आग उतारावर येऊं नये म्हणून दरसाल माघांत आम्ही स्वतः पट्टा साफ करूं लागलों. आम्हीं गवत पेरलें नाहीं. तें आपण होऊन आलें. आधीं कुसळी आली, मग डोंगरी, आणि जेथें माती जरा धरली तेथें मारवेल. आतां दिवाळीनंतर कापणी करून गवताचे भारे विकतों. त्यांत श्रीमंती नाहीं. पण जमीन हातांत राहिली.

आतां मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं रस्त्याच्या कामासाठीं मुरूम हवा होता. एक कंत्राटदार आमच्या पुतण्यास भेटला. परवानगी आपण काढतों, उताराचा पाऊण भाग खोदूं, आणि रक्कम एकदम देऊं, असें त्याचें बोलणें. रक्कम आमच्या पांच वर्षांच्या पेन्शनीएवढी होती. पुतण्याच्या कन्येस वैद्यकीय शिक्षणासाठीं परगांवीं पाठवावयाचें होतें, आणि दादांची इच्छा होती कीं निम्मी रक्कम आम्हीं तिच्यासाठीं द्यावी. हें सांगावयास दादा स्वतः आमच्या दारीं आले. वय पंच्याहत्तर, हातांत काठी. खरें लिहावयाचें तर त्यांना मागणारे होऊन आलेले पाहून आमच्या मनास क्षणभर समाधान वाटलें. त्या समाधानाची लाज आजही वाटते.

आम्हीं हो-नाहीं कांहींच म्हटलें नाहीं. "दादा, वर चला," एवढेंच म्हणालों. हळूहळू चढून आम्ही मधल्या ओळीशीं पोंचलों. दादा दगडावर बसले. खालीं बोडी दिसत होती, तिच्याखालीं त्यांची बांधी, रोवणी आटोपून हिरवीगार झालेली. बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझी बाग होती तेव्हां बोडींत लाल गाळ येई. दोन वेळां उपसावा लागला. हल्लीं पाणी नितळ असतें, आणि दिवाळीपर्यंत पुरतें. मला वाटे, पाऊस बरा झाला म्हणून."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. दादाच पुढें म्हणाले, "मुरूम गेला तर मग बोडींत काय येईल रे?"

या मुलखांतील तळीं ज्या कोहळी लोकांनीं बांधलीं, त्यांना हें ठाऊक होतें. नवेगांव बांधाचें पाणी पाहावयास लोक लांबून येतात. पण तें पाणी ज्या डोंगरउतारांवरून येतें, ते कोणी पाहत नाहीं. तळें म्हणजे नुसती पाळ नव्हे. वरचा उतार हाही तळ्याचाच भाग. आम्हीं १९९६ सालीं सातबारावर जी रेघ मारली, ती पाण्याला कधींच ठाऊक नव्हती. दादांची बांधी आमच्या बर्डीच्या आधारावर उभी होती, आणि आमची फसलेली बाग त्यांच्या बोडींत जाऊन बसली होती. दोघांनीं तें एकमेकांस सांगितलें नाहीं, एवढेंच.

अथर्ववेदांतील पृथ्वीसूक्ताच्या ऋषीनें शिळा, दगड आणि धूळ यांना भूमीच म्हटलें आहे, आणि तुला जेथें खणीन तेथें तूं लौकर भरून ये, अशी तिची प्रार्थना केली आहे. वीतभर मातीचा उतार एकदां खणला तर लौकर भरून येत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. दगडांच्या एका ओळीमागें चार बोटें माती धरावयास आमचीं बारा वर्षें गेलीं.

मुरूम दिला नाहीं. नातीच्या शिक्षणासाठीं आम्हीं आमच्या ठेवींतून कांहीं रक्कम दिली, दादांनीं धान विकून कांहीं दिली, बाकीचें कर्ज पुतण्यानें काढलें. तो आमच्यावर अजून थोडा नाराज आहे, आणि त्याची नाराजी आम्हांला समजते; हप्ते त्यास भरावे लागतात. मात्र गेल्या माघांत पट्टा साफ करावयास तो कोणीं न बोलवितां आला. दोन ओळींतील निखळलेले दगडही त्यानें नीट बसविले. जातांना विचारलें, "काका, पाण्याची नळी कशी धरतात?"

आम्हीं ती त्यास धरावयास शिकविली. मास्तरकीची संवय अजून गेली नाहीं.